न जुळणारा दाखला : प्राचीन ग्रीक शोकात्मिकेतील पुराणसंदर्भांचे कार्य

सारांश

प्राचीन ग्रीक शोकात्मिकांतील वृंदगीतांत आणि पात्रांच्या विलापांत नाटकाच्या कथेबाहेरील पुराणकथांचे उल्लेख वारंवार येतात. हे उल्लेख म्हणजे काव्याचा अलंकार, किंवा फार तर कथेला समांतर असा दृष्टांत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एस्किलस, सोफोक्लीस व युरिपिडीस यांच्या सहा नाटकांतील निवडक पुराणसंदर्भांच्या आधारे प्रस्तुत शोधनिबंधात वेगळे प्रतिपादन केले आहे. शोकात्मिकेतील पुराणसंदर्भ प्रसंगाशी पूर्णपणे जुळत नाही आणि त्याच्या न जुळणाऱ्या भागातच त्याचे नाट्यगत कार्य असते. दाखला देणाऱ्याला जे सांगायचे असते त्यापेक्षा त्याने न सांगितलेला कथाभाग अधिक बोलका ठरतो, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : ग्रीक शोकात्मिका, पुराणसंदर्भ, वृंदगीत, दृष्टांत, व्यतिरेक, सांत्वन.

प्रस्तावना

ग्रीक शोकात्मिका शिकविताना एक अनुभव नेहमी येतो. विद्यार्थी कथानक आवडीने वाचतात, संवादांवर चर्चा करतात; मात्र वृंदगीत आले की पाने उलटतात. त्या गीतांत अनोळखी नावांची गर्दी असते. डॅनाई कोण, लायकर्गस कोण, आयनो कोण, हे तळटीपेत पाहावे लागते आणि तळटीप वाचूनही मूळ नाटकाशी त्या नावाचा संबंध पुरता लागत नाही. परीक्षेच्या दृष्टीने लिहिलेल्या टिपणांत अशा जागी 'वृंद येथे पुराणातील उदाहरणे देतो' एवढे एक वाक्य असते. प्रयोगासाठी नाटकाचा संक्षेप करावयाचा झाला, तर कात्री सर्वांत आधी याच ओळींवर चालण्याचा संभव असतो.

या ओळी गाळल्याने नेमके काय गमावते, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्या केवळ अलंकरण असतील तर फारसे काही गमावत नाही. परंतु नाटकाच्या अर्थाचा एखादा भाग त्यांच्यावाचून कळतच नसेल, तर आपण ही नाटके आजवर अपुरी वाचत आलो आहोत, असे म्हणावे लागेल.

आज उपलब्ध असलेल्या ग्रीक शोकात्मिकांची संख्या ३२ आहे. त्यांतील एस्किलसचे 'पर्शियन्स' (इ.स.पू. ४७२) हे एकच नाटक समकालीन इतिहासावर आधारलेले आहे, उरलेल्या सर्वांचे कथानक पुराणकथेतून घेतलेले आहे. समकालीन दुःख रंगमंचावर आणणे अथेन्सला सहज मानवणारे नव्हते. फ्रिनिकस या नाटककाराने पर्शियनांनी घेतलेल्या मायलीटस नगरीच्या पाडावावर नाटक केले तेव्हा प्रेक्षागृह रडले आणि आपल्याच आपत्तीची आठवण करून दिल्याबद्दल नाटककाराला १००० द्राख्मांचा दंड झाला, असे हिरोडोटसने नोंदविले आहे. पुराणकथा ही शोकात्मिकेची भूमीच होती. मात्र प्रस्तुत निबंधाचा विषय नाटकाला कथानक पुरविणारी पुराणकथा हा नाही. नाटकाच्या कथेत नसलेली, पण पात्राने वा वृंदाने मध्येच स्मरलेली दुसरी पुराणकथा हा आहे. येथे 'पुराणसंदर्भ' हा शब्द याच मर्यादित अर्थाने वापरला आहे.

दृष्टांताची महाकाव्यातील परंपरा

असा दाखला देण्याची रीत शोकात्मिकेला महाकाव्याकडून मिळाली. होमरच्या 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गात पुत्रशोकाने अन्न वर्ज्य केलेल्या प्रायमला अकिलीस नायोबीची कथा सांगतो. बारा मुले गमावलेल्या नायोबीनेही अखेर अन्न घेतले, तेव्हा आपणही घ्यावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. नवव्या सर्गात रुसून बसलेल्या अकिलीसला फिनिक्स मेलिएजरची कथा सांगतो, तीही त्याचे मन वळविण्यासाठीच. एम. एम. विलकॉक यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले आहे की, असे दाखले देताना होमर प्रसंगाला जुळावे म्हणून मूळ कथेत बदल करतो. नायोबीचे अन्न घेणे हा तपशील त्याचेच उदाहरण होय.

भारतीय वाचकाला ही रीत अपरिचित नाही. महाभारताच्या वनपर्वात, आपल्याहून अधिक दुर्दैवी राजा कोणी झाला आहे काय, असे युधिष्ठिर विचारतो आणि बृहदश्व त्याला नलोपाख्यान ऐकवितो. द्यूतात राज्य हरलेल्या राजाला द्यूतात राज्य हरून ते परत मिळविणाऱ्या राजाची कथा मिळते. शेवटी बृहदश्व त्याला अक्षहृदयाची विद्याही देतो. कथेचा आणि श्रोत्याच्या स्थितीचा सांधा जुळतो, म्हणूनच धीर मिळतो.

आपल्या काव्यशास्त्रात दृष्टांत अलंकाराचे लक्षण बिंबप्रतिबिंबभाव असे सांगितले आहे. उपमेय उपमानाहून वरचढ ठरते तेव्हा त्यास व्यतिरेक म्हणतात. ही परिभाषा ग्रीक नाटकासाठी घडलेली नाही, याची जाणीव ठेवूनही ती येथे उपयोगी पडते. महाकाव्यातील दाखला बहुधा दृष्टांताच्या वळणाचा आहे. शोकात्मिकेत बोलणारा दृष्टांत द्यावयास निघतो आणि ऐकणारा, किंवा पुढील घटना, त्याचा व्यतिरेक करून टाकते. ही प्रक्रिया पुढील उदाहरणांत पाहता येईल.

कॅसँड्राने नाकारलेली उपमा

एस्किलसच्या 'अगामेम्नॉन' (इ.स.पू. ४५८) या नाटकात ट्रॉयहून बंदिनी म्हणून आणलेली कॅसँड्रा राजवाड्याच्या दाराशी उभी आहे. आत काय घडणार आहे हे ती पाहू शकते, पण तिच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. तिचा आक्रोश ऐकून आर्गॉसच्या वृद्धांचा वृंद तिची तुलना नाइटिंगेल पक्षिणीशी करतो. ही पक्षिणी म्हणजे पूर्वाश्रमीची प्रॉक्नी. पतीने, टेरेउसने, आपल्या बहिणीवर केलेल्या अत्याचाराचा सूड म्हणून तिने पोटच्या मुलाला, इटिसला, मारले व त्याचे मांस त्याच्या पित्यास खाऊ घातले. तेव्हापासून ती इटिसच्या नावाने अखंड रडते, अशी कथा आहे.

वृंदाचा हेतू सहानुभूतीचा आहे. परंतु कॅसँड्रा ही उपमा स्वीकारीत नाही. देवांनी त्या पक्षिणीला पंख दिले आणि अश्रूंवाचूनचे गोड आयुष्य दिले. आपल्या वाट्याला मात्र दुधारी शस्त्राचा घाव आहे, अशा आशयाचे उत्तर ती देते. उपमान व उपमेय यांतील अंतर पात्र स्वतःच मोजून दाखविते. प्रॉक्नीच्या दुःखाला रूपांतराची सुटका होती आणि तिचा शोक गाणे बनून राहिला. कॅसँड्राला मरायचे आहे.

हा दाखला एवढ्यावर संपत नाही. वृंदाने इटिसचे नाव घेतले ते रडण्याच्या साम्यासाठी. इटिसचे मांस पित्याने खाल्ले, हा कथाभाग त्याने उच्चारला नाही. पण थोड्याच वेळापूर्वी कॅसँड्राने याच वाड्यात मारलेली मुले आणि पित्याने खाल्लेले त्यांचे भाजलेले मांस पाहिले आहे. ती थायेस्टीसची मुले होत. म्हणजे वृंद ज्या अर्थाने दाखला देतो त्या अर्थाने तो जुळत नाही, आणि जो अर्थ वृंदाच्या ध्यानीमनी नाही त्या अर्थाने तो या घराण्याला तंतोतंत जुळतो. कॅसँड्राचे बोलणे कळत नाही म्हणणाऱ्या वृंदाच्याच तोंडून त्या घराचे पाप निसटते.

अँटिगनी : सांत्वनाची मर्यादा

सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'त (इ.स.पू. ४४१ च्या सुमारास) भावाचे दफन केल्याबद्दल जिवंतपणी गुहेत कोंडली जाणारी नायिका स्वतःच नायोबीचे स्मरण करते. सिपिलस पर्वतावर नायोबीला दगडाने वेलीसारखे वेढून टाकले आणि पाऊस व हिम तिच्यावर सतत पडत राहिले. आपली गतही तशीच आहे, असे ती म्हणते. त्यावर थीब्सच्या वृद्धांचा वृंद उत्तरतो की, नायोबी देवकुळातील होती, आपण मर्त्य आहोत. तरी मरताना देवतुल्यांच्या नशिबाचा वाटा मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. अँटिगनीला यात उपहास ऐकू येतो.

येथे कॅसँड्राच्या प्रसंगाची उलट मांडणी दिसते. तेथे वृंद दाखला देतो व पात्र नाकारते. येथे पात्र दाखला देते व वृंद त्याला मर्यादा घालतो. वृंदाने दाखविलेला भेद देव आणि मर्त्य यांतला आहे. प्रेक्षकाला दिसणारा भेद मात्र निराळा आहे. नायोबी अनेक मुलांची आई होती आणि मुलांच्या संख्येचा गर्व तिला भोवला. अँटिगनी अविवाहित मरणार आहे आणि याच विलापात ती आपल्याला विवाह नाही, अपत्य नाही, याचा शोक करते. आईपणाने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीचे नाव आईपण नाकारले गेलेल्या मुलीने घ्यावे, या विसंगतीतून तिचे एकाकीपण गडद होते.

तरीही अँटिगनीने नायोबीच का निवडली? दगडात कोंडले जाणे हे उघड साम्य आहे. 'इलियड'मधील कथेत आणखी एक तपशील आहे. नायोबीची मुले नऊ दिवस रक्तात पडून होती, त्यांना पुरावयास कोणी नव्हते. दहाव्या दिवशी देवांनीच त्यांचे दफन केले. अँटिगनी हा तपशील उच्चारीत नाही. पण दफनावाचून पडलेल्या प्रेतासाठी मरणाऱ्या मुलीच्या तोंडी ज्या स्त्रीचे नाव येते, तिच्या मुलांचे दफन देवांनी केले होते, हे होमर पाठ असलेल्या प्रेक्षकाला आठवणे शक्य होते. क्रेऑनच्या आज्ञेविरुद्ध देव कोणाच्या बाजूने आहेत, याचे उत्तर या न उच्चारलेल्या तपशिलात दडलेले आहे.

याच नाटकाच्या चौथ्या वृंदगीतात एकामागून एक तीन कथा येतात. डॅनाई ब्राँझच्या कोठडीत कोंडली गेली. डायोनायससची निंदा करणारा एडोनियनांचा राजा लायकर्गस खडकाच्या बंदिवासात पडला. आणि फिनियसच्या दोन मुलांचे डोळे सावत्र आईने विणकामाच्या धोट्याने फोडले. नियतीपुढे कोणाचे चालत नाही, हे सर्वांचे समान सूत्र मानण्याची प्रथा आहे. ते चूक नाही, पण पुरेसेही नाही. डॅनाई निरपराध होती, आणि कोठडीतही तिला झ्यूसचा सुवर्णवर्षाव व पुत्र लाभला. लायकर्गस अपराधी होता. देवाचा अपमान करण्याचा त्याचा दोष अँटिगनीपेक्षा क्रेऑनला अधिक लागू पडतो. फिनियसची मुले पुन्हा निरपराध आहेत, पण त्यांच्या कथेत या ठिकाणी कोंडण्यापेक्षा आंधळे होण्यावर भर आहे. तीन दाखले तीन दिशांना जातात.

या विसंगतीतून वृंदाची मनःस्थिती कळते. ही मुलगी निर्दोष आहे की दोषी, शिक्षा तिला होत आहे की पुढे दुसऱ्या कोणाला व्हावयाची आहे, हे या वृद्धांना ठरविता येत नाही. राजासमोर स्पष्ट बोलण्याचे धैर्य त्यांच्यात नाही, म्हणून त्यांची दोलायमानता पुराणकथांच्या निवडीतून व्यक्त होते. गीत आंधळ्या मुलांवर संपते आणि लगेच एक मुलगा हाताला धरून अंध टायरेशियसला रंगमंचावर आणतो. वृंदाला जे सांगता आले नाही, ते सांगणारा मनुष्य आला आहे. हे गीत गाळले, तर टायरेशियसच्या प्रवेशाची ही पूर्वतयारी नाहीशी होते.

मीडिया आणि न घेतलेले नाव

युरिपिडीसच्या 'मीडिया'त (इ.स.पू. ४३१) आतून मुलांच्या किंकाळ्या ऐकू येतात तेव्हा कॉरिंथच्या स्त्रियांचा वृंद म्हणतो की, पोटच्या मुलांवर हात टाकणारी पूर्वीची एकच स्त्री आपण ऐकली आहे. ती म्हणजे आयनो. झ्यूसच्या पत्नीने तिला वेडे करून घराबाहेर भटकावयास लावले आणि दोन मुलांसह समुद्रात पडून ती मेली.

कॉरिंथच्या स्त्रियांना आयनो आठवणे स्वाभाविक आहे. तिचा मुलगा मेलिसर्टीस याची पूजा जवळच्याच इस्थमसवर होत असे. पण दाखला मीडियाला कोठेही जुळत नाही. आयनो देवाने दिलेल्या वेडात होती; मीडियाने पूर्ण शुद्धीत, स्वतःशी वाद घालून निर्णय घेतला आहे. आयनो मुलांबरोबर मेली. मीडिया सूर्याने दिलेल्या रथातून निघून जाणार आहे. वृंदाला जे भयंकर वाटते त्याला समजण्यासारखे रूप द्यावे, म्हणून तो वेड्या आईची कथा शोधतो. ती कथा तोकडी पडते आणि मीडियाच्या कृत्याचे खरे भय तेव्हाच उघडे होते : त्याला वेडाचा आडोसाही नाही.

यापुढे जाऊन 'एकच स्त्री' या म्हणण्याकडे लक्ष द्यावे लागते. ग्रीक पुराणांत मुलाला मारणाऱ्या आया अनेक आहेत आणि त्यांतील प्रॉक्नी तर अथेन्सची राजकन्या, पॅन्डिऑनची मुलगी. ती वेडी नव्हती. पतीला शिक्षा देण्यासाठी तिने मुलाला मारले. मीडियाचा हेतू अगदी हाच आहे. ही कथा त्या काळी सर्वश्रुत होती. थ्युसिडिडीससारख्या इतिहासकारानेही टेरेउस, इटिस आणि कवींनी नाइटिंगेलला दिलेले नाव यांचा उल्लेख केला आहे. तेव्हा कॉरिंथच्या स्त्रिया 'एकच' म्हणतात त्या क्षणी अथेन्सच्या प्रेक्षकाच्या मनात त्यांनी न घेतलेले नाव उभे राहिल्यावाचून राहणार नाही.

युरिपिडीसने त्याची तयारी आधीच करून ठेवली आहे. मीडियाला आश्रय देण्याचे वचन देणारा अथेन्सचा राजा एजियस येतो तेव्हा ती त्याला पॅन्डिऑनपुत्र म्हणून संबोधिते. वंशावळीकारांनी दोन पॅन्डिऑन वेगळे केले असले, तरी नाव कानावर पडून गेलेले असते. मुलांना मारणारी परदेशी स्त्री अथेन्सला जाणार आहे, हे प्रेक्षकाला अस्वस्थ करणारे आहेच. पण असे कृत्य अथेन्सच्या राजघराण्याला नवे नाही, हे न घेतलेले नाव सांगते. मीडिया परकी, रानटी म्हणून असे करू शकली, असे समाधान करून घेण्याची वाट त्यामुळे बंद होते.

सुमारे १५ वर्षांनी लिहिलेल्या 'हेराक्लीस' या नाटकात युरिपिडीस हाच विषय उघडपणे मांडतो. देवाने आणलेल्या वेडात हेराक्लीसने आपल्या मुलांना मारल्यावर वृंद आधी डॅनाउसच्या मुलींनी केलेल्या पतिहत्यांचे व नंतर प्रॉक्नीचे स्मरण करतो, आणि लगेच मान्य करतो की, या घटनेपुढे ते दाखले उणे पडतात. प्रॉक्नीचे एकच मूल होते, येथे तीन मुले मारली गेली आहेत. येथे व्यतिरेक वृंदाच्याच तोंडी आहे.

उलटणारे दाखले : पर्सियस आणि अल्कमिऑन

आतापर्यंतच्या उदाहरणांत दाखला अपुरा पडतो. आणखी एका प्रकारात तो देणाऱ्यावर उलटतो. 'अगामेम्नॉन'नंतरचे, त्याच त्रिनाट्यातील दुसरे नाटक 'कोएफोरी' हे त्याचे ठळक उदाहरण. पित्याच्या वधाचा सूड म्हणून आईला, क्लायटेम्नेस्ट्राला, मारावयास निघालेल्या ओरेस्टीसला धीर देण्यासाठी वृंदातील दासी स्त्रियांच्या दुष्कृत्यांचे गीत गातात. अल्थियाने मुलाचा जीव ज्यात होता ते लाकूड जाळले. सिल्लाने सोन्याच्या हारासाठी पित्याचा घात केला. लेम्नॉसच्या स्त्रियांनी पतींना मारले. मुलगा, पिता, पती अशी ही यादी आहे. आईला मारणाऱ्या मुलाचे उदाहरण मात्र तीत नाही. जे कृत्य आता घडावयाचे आहे, नेमके त्याच्याविषयी गीत मौन पाळते.

पुढे हाच वृंद ओरेस्टीसला पर्सियसचे काळीज धारण करण्यास सांगतो. पर्सियसने मेड्यूसा या गॉर्गनचे मस्तक छाटले, पण तिच्याकडे न पाहता. पाहणारा दगड होत असे. येथे क्लायटेम्नेस्ट्रा गॉर्गन ठरते. प्रत्यक्ष प्रसंगी मात्र ओरेस्टीस नजर वळवू शकत नाही. आई आपला स्तन उघडा करून दाखविते आणि तो थबकतो, काय करावे असे पायलाडीसला विचारतो. हत्येनंतर तर दाखला पूर्ण उलटतो. गॉर्गनसारख्या, काळी वस्त्रे नेसलेल्या, सर्पांनी वेढलेल्या स्त्रिया ओरेस्टीसला दिसू लागतात; त्या सूडदेवता होत. वृंदाला त्या दिसत नाहीत. पर्सियसने गॉर्गनला मारले तेथे त्याचे काम संपले. ओरेस्टीसने मारले तेथे गॉर्गन जन्मास आल्या. धीर देण्यासाठी घेतलेले नाव शिक्षेचे रूप धारण करते.

सोफोक्लीसच्या 'इलेक्ट्रा'तील उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. रथांच्या शर्यतीत ओरेस्टीस मेला, ही खोटी वार्ता ऐकून इलेक्ट्रा कोसळते. वृंद तिला अँफिअरॉसचा दाखला देतो. स्त्रीच्या सुवर्णहाराच्या लोभामुळे त्याचा घात झाला, तरी आज तो पाताळात राज्य करतो. अगामेम्नॉनलाही तसा मान मिळेल, असे सुचवावयाचे आहे. इलेक्ट्रा ही कथा जाणते आणि तिचा उरलेला भाग स्वतः पुढे करते : त्याच्यासाठी सूड घेणारा निघाला, आपला सूड घेणारा तर हिरावला गेला. तो सूड घेणारा म्हणजे अँफिअरॉसचा मुलगा अल्कमिऑन. सांत्वनाचा दाखला तिच्या एका वाक्याने मोडून पडतो.

मात्र इलेक्ट्राचा नकार खोट्या वार्तेवर उभा आहे. ओरेस्टीस जिवंत आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून ठाऊक आहे. तेव्हा दाखला जुळतो. तो जुळत नाही असे मानणारी इलेक्ट्राच चुकते आहे. आणि तो जुळतो तर पूर्णच जुळला पाहिजे. अल्कमिऑनने पित्याच्या सुडासाठी आपल्या आईला, एरिफिलीला, मारले. त्यानंतर तो विटाळलेला, भ्रमिष्ट होऊन भटकला. थ्युसिडिडीसने त्याच्या या भटकंतीची कथा नोंदविली आहे, इ.स.पू. ४३८ मध्ये युरिपिडीसने त्याच्यावर नाटकही केले होते. आणि ॲरिस्टॉटल शोकात्मिकेला योग्य अशा घराण्यांत अल्कमिऑनचे नाव ओरेस्टीसच्या बरोबर घेतो. सोफोक्लीसच्या या नाटकात सूडदेवता ओरेस्टीसचा पाठलाग करीत नाहीत. सूड पुरा होत असतानाच नाटक संपते. म्हणून मातृहत्या येथे निष्कलंक ठरविली आहे काय, हा अभ्यासकांतील जुना वाद आहे. अल्कमिऑनच्या, नावही न घेता केलेल्या, उल्लेखाने त्या वादात एक साक्ष पुढे येते. रंगमंचावर न दाखविलेला परिणाम पुराणसंदर्भाच्या अव्यक्त भागात नोंदवून ठेवला आहे, असे प्रस्तुत अभ्यासकाचे मत आहे.

एक आक्षेप व त्याची मर्यादा

कथेचा न सांगितलेला भाग अर्थात मोजावयाचा, तर अर्थ लावणाऱ्याला वाटेल ते म्हणता येईल, असा आक्षेप यावर घेता येईल. शिवाय प्रेक्षकांना या कथा ठाऊक होत्या, हे कशावरून? ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'च्या नवव्या प्रकरणात, ज्ञात कथाही थोड्यांनाच ज्ञात असतात, असे म्हणतो. उलट चौथ्या शतकातील विनोदी नाटककार अँटिफॅनीस तक्रार करतो की, शोकात्मिकाकार भाग्यवान आहेत, कारण नुसते नाव घेतले की प्रेक्षकांना सारी कथा आठवते. दोघांच्याही विधानांत त्यांच्या त्यांच्या प्रतिपादनाची सोय आहे. सर्वच प्रेक्षक सारखे जाणते नसावेत, एवढे मान्य करणे योग्य होय.

म्हणून या निबंधात एक पथ्य पाळले आहे. न सांगितलेला कथाभाग ग्राह्य धरावयाचा तर तो नाटकाच्या काळी किंवा त्यापूर्वी प्रचलित असल्याचा पुरावा हवा, किंवा त्याच नाटकात अन्यत्र त्याचा प्रतिध्वनी हवा. इटिसच्या मांसाला थायेस्टीसच्या मुलांचा प्रतिध्वनी आहे, नायोबीच्या मुलांच्या दफनाला होमरचा आधार आहे, अल्कमिऑनला थ्युसिडिडीसचा. या दोन्ही कसोट्यांवर न उतरणारे साम्य कितीही आकर्षक वाटले, तरी ते बाजूस ठेवणे इष्ट होय.

निष्कर्ष

१. शोकात्मिकेतील पुराणसंदर्भ महाकाव्यातील दृष्टांताच्या परंपरेतून आलेला असला, तरी त्याचे कार्य वेगळे आहे. महाकाव्यात दाखला ऐकणाऱ्याचे मन वळवितो किंवा त्याला धीर देतो. येथे अभ्यासिलेल्या प्रसंगांत तो बहुधा अयशस्वी ठरतो.

२. हे अपयश कवीचे नसून बोलणाऱ्या पात्राचे वा वृंदाचे आहे आणि ते कवीने योजलेले आहे. कॅसँड्रा व इलेक्ट्रा दाखला नाकारतात, अँटिगनीच्या दाखल्याला वृंद मर्यादा घालतो, मीडियापुढे वृंदाचा दाखला तोकडा पडतो आणि ओरेस्टीसच्या बाबतीत तो उलटतो.

३. दाखल्यातील न उच्चारलेला भाग नाटकाच्या अर्थात भर घालतो. बोलणाऱ्याचे ज्ञान आणि प्रेक्षकाचे ज्ञान यांतील अंतरातून शोकात्मिकेची उपरोधिका घडते. पुराणसंदर्भ हे तिचे एक महत्त्वाचे साधन आहे.

वृंदाला नाटकातील एक पात्रच मानावे, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आहे आणि कोणत्याही नाटकात बसविता येतील अशा सुट्या गीतांची प्रथा अगॅथॉनपासून सुरू झाल्याचे नोंदविले आहे. येथे पाहिलेली गीते तशी सुटी नाहीत. त्यामुळे मराठीतून या नाटकांचे अध्यापन व भाषांतर करताना तळटिपेत केवळ 'आयनो : कॅडमसची कन्या' एवढी ओळख देणे पुरेसे नाही. कथेचा कोणता भाग वृंदाने सांगितला व कोणता गाळला, हे वाचकाच्या हाती दिले पाहिजे.

दुःखात सापडलेल्या माणसाला आपण अजूनही दुसऱ्याच्या दुःखाची गोष्ट सांगतो. ती सांगणाऱ्याची कळकळ खरी असते आणि ऐकणाऱ्याला ती आपली वाटत नाही, हेही खरे असते. नायोबीचे नाव घेणाऱ्या अँटिगनीला वृंदाच्या उत्तरात उपहास ऐकू आला, तेव्हा वृद्ध तिचा उपहास करीत होते असे म्हणता येत नाही. त्यांच्यापाशी तिच्यासाठी दुसरी गोष्ट नव्हती. वृंदगीतांची पाने उलटणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे जरी दाखवून देता आले, तरी ती अनोळखी नावे त्याला परकी वाटणार नाहीत.